थोरले खिडकीतून येतात

सासरी आल्यापासून सेहेचाळीस वर्षांत बुरमाकानने देवाचं नाव एकदाच घेतलं होतं, आणि त्या एकदाचा तिला फार पस्तावा होता.

तशी ती नास्तिक नव्हती. नास्तिक व्हायला सवड लागते, आणि तिच्याकडे दोनशे मेंढरं, एक नवरा आणि वर सासू होती. अडचण होती ती सासऱ्याच्या नावाची. सासऱ्याचं नाव कुदायबेर्गेन. आपण काही त्या घरच्या सुना नाही, तेव्हा आपल्याला घ्यायला हरकत नाही. कुदाय म्हणजे देव, बेर्गेन म्हणजे दिलेला. आता सुनेने सासू-सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, थोरल्या दिरांचं घ्यायचं नाही, आणि त्या नावांच्या पोटात जो शब्द असेल तोही तोंडातून काढायचा नाही, ही आमच्याकडची, किरगिझांची रीत. दुसऱ्या एखाद्या घरात सासऱ्याचं नाव तेमिर असतं, म्हणजे लोखंड. सून लोखंडाला 'काळं' म्हणते आणि तिचं भागतं. या घराण्यात मात्र बारसं करणाऱ्यांनी पुढच्या सुनांसाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. सासरा देवाने दिलेला. थोरला दीर जारिकबाय, आणि जारिक म्हणजे उजेड. मधला दीर जोलदोश, आणि जोल म्हणजे वाट.

संकटात सापडलं की आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा म्हणतं, 'कुदाय, जोल बेर, जारिक बेर.' देवा, वाट दे, उजेड दे. बुरमाकानला त्यातला एकही शब्द चालत नव्हता. 'दे' म्हणायचीही चोरी, कारण तोही सासऱ्याच्या नावाच्या शेपटीला लटकलेला. त्या प्रार्थनेतून तिच्या वाट्याला काय यायचं, तर मधला श्वास.

बाकीच्या सुना अशा शब्दाला दुसरा शब्द शोधतात. बुरमाकानला शोधाशोधीचा कंटाळा. तिने सरळ नातीच कामाला लावली. देव म्हणजे 'वरचे मामंजी'. वाट म्हणजे 'मधले'. उजेड म्हणजे 'थोरले'. आणि 'दे'च्या जागी 'हातावर ठेव'. काराबुलुन गावाला याची सवय होऊन गेली. 'थोरले बुडायच्या आत मेंढरं आणा' म्हटलं की लोक समजायचे. 'मधले चिखलाने भरलेत, घोडं जपून न्या' म्हटलं तरी कुणी दचकायचं नाही. एकदा मात्र ती अंगणातून ओरडली, 'अहो, मधल्यांवरून ट्रक गेला!' आणि खरा जोलदोश, तेव्हा जिवंत होता, चहाचा पेला तसाच टाकून बाहेर धावला, आपल्यावरून कुठला ट्रक गेला ते बघायला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, दोन वर्षांपूर्वी पानगळ सुरू झाली आणि तिचा नवरा सादिरबाय गेला. सकाळी उन्हात खोगीर शिवत बसला होता. हातात सुई तशीच, आणि माणूस कलंडला. बुरमाकान अंगणात आली, डोक्यावरचा पांढरा रुमाल ओढून काढला, आणि आभाळाकडे तोंड करून अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"कुदाय! तुला दुसरं घर नव्हतं का?"

एका दमात दोन अपराध. देवाला अरेतुरे, आणि सासऱ्याचं नाव.

त्यानंतर तिच्यावर जे आलं ते एकामागून एक आलं. चाळीसावा दिवस उरकला आणि मुलगा मेदेर रशियात इमारतींच्या कामावर गेला. फोन करायचा, पण डोंगरातल्या फोनमध्ये अर्धा मेदेर यायचा आणि अर्धा खरखर. डोळ्यांत आधीपासून धुकं होतंच, ते त्या हिवाळ्यात तापल्या दुधावरच्या सायीसारखं घट्ट झालं. नजरेतून माणसं गेली, भांडी गेली, स्वतःचा हात गेला. दिवस आहे की रात्र, एवढंच काय ते कळायचं.

बुरमाकानने मनाशी हिशेब केला आणि तो तिला अगदी बरोबर वाटला. आपण नाव घेतलं, त्यांनी दार लावून घेतलं. खरे मामंजी रागावले की महिनाभर बोलायचे नाहीत, हे तर त्यांच्याहून मोठे. तेव्हापासून तिने जीभ आणखी आवळली. रोज पहाटे अंथरुणात उठून बसायची, हात पसरायची आणि म्हणायची, "वरच्या मामंजी, चूक झाली. मधले हातावर ठेवा. थोरले हातावर ठेवा." मग जरा वेळ थांबायची. वरून काही यायचं नाही. शेजारच्या खोलीतून सुनेच्या बादलीचा आवाज तेवढा यायचा.

ही सून म्हणजे आणखी एक दुखणं. मेदेरने तिला आणली ती बाप असतानाच, त्या उन्हाळ्यात. बुरमाकानच्या डोळ्यांतलं धुकं तेव्हाच असं होतं, की सुनेचा चेहरा म्हणजे पांढऱ्या ओढणीत गुंडाळलेला एक फिकट गोळा, यापलीकडे तिने काही पाहिलं नाही. आणि नाव काय, तर आयजारिक. आय म्हणजे चंद्र. जारिक म्हणजे काय ते सांगून झालंय.

"अख्ख्या किरगिझ मुलखात तुला दुसरी सापडली नाही?" बुरमाकानने मुलाला विचारलं होतं.

"आई, नावात काय आहे?"

"नावात तुझे थोरले काका आहेत!"

तेव्हा सुनेला नाव नाही. 'अगं', 'ए', 'ऐकलंस का', फार झालं तर 'सूनबाई'. सूनही कमी नव्हती. सासूला रीतीप्रमाणे 'एने' म्हणायची, मान खाली घालायची, आणि मान खाली घालूनच टोला द्यायची. बुरमाकानची नजर गेली तशी सुनेने घराच्या दारापासून एक जाड दोर ओढला आणि त्याला गाठी मारल्या. एक गाठ लागली की पायरी, दोन लागल्या की गोठा, तीन लागल्या की संडास.

"मी काय बकरी आहे, दोराला लावायला?"

"बकरीला गाठी मोजता येत नाहीत, एने."

दोन हिवाळे बुरमाकान त्या दोरावरून फिरली. बर्फात दोर गाडला गेला की सुनेचं कोपर धरून फिरली. पण एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून सुनेसाठी चांगला शब्द निघाला नाही. चहा पातळ, नान जाड, मेंढरांना मीठ कमी, सासूला जास्त.

मग या वसंतात गावात बातमी आली की तालुक्याच्या इस्पितळात राजधानीतून डोळ्यांचे डॉक्टर आलेत, तीन दिवस राहणार, मोतीबिंदू काढणार, आणि जाणार ते पुन्हा पुढच्या वर्षी, तेही आले तर. पहिले दोन दिवस बुरमाकानने घालवले भांडण्यात.

"मामंजींनी लावलेलं दार मी फोडायला जाऊ?"

"फोडू नका, एने. डॉक्टरला नुसतं ठोठावू दे."

तिसऱ्या दिवशी पहाटे दोघी व्हॅनमध्ये बसल्या. बुरमाकानने सणाचा मखमली कोट घातला होता, आणि खिशात सुकवलेल्या दह्याचे, कुरुताचे चार वाळके गोळे, म्हणजे इस्पितळातलं काही खावं लागू नये. वाटेत तिने सुनेला बजावलं, "आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही. डोळे माझे आहेत."

"बरं."

"हूं की चूं करायचं नाही."

"बरं म्हटलं ना."

"हे झालं की नाही आत्ताच हूं की चूं!"

इस्पितळाच्या बोळात ही भली मोठी रांग. पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीने सगळं सांगून टाकलं: ज्या डोळ्याला निदान उजेड कळतो, त्याचंच ऑपरेशन करतात. ज्याला तोही कळत नाही तो डोळा आतून मेलेला, त्याला परत पाठवतात. म्हणून टेबलापाशी बसलेली पोरगी आधी तेवढंच विचारते. हे ऐकूनही बुरमाकानची मान होती तशीच राहिली.

टेबलामागच्या परिचारिकेचं नाव बेगिमाय. राजधानीत वाढलेली, निम्मं बोलणं रशियन आणि निम्मं मोबाइलमधलं. सकाळपासून तिने साठ म्हाताऱ्या तपासल्या होत्या आणि तिच्या आवाजात आता जीव उरला नव्हता.

"आजी, उजेड कळतो का? हो की नाही, एवढंच सांगा."

एवढंच सांगणं बुरमाकानच्या जिवावर आलं. सेहेचाळीस वर्षं ज्या शब्दाला मान दिला, त्याला नुसतं 'हो' म्हणून कसं उडवायचं?

"येतात की," ती म्हणाली. "रोज येतात."

"कोण येतात?"

"थोरले."

"कुठून येतात?"

"खिडकीतून. सकाळी अंथरुणाच्या पायथ्याशी उभे असतात. दुपारी अगदी अंगावर येतात. थंडीत बरं वाटतं."

बेगिमायचं पेन थांबलं. "हे थोरले म्हणजे घरातलं कुणी आहे का?"

"माझे थोरले दीर."

"आणि ते खिडकीतून येतात."

"दार उघडं असलं तर दारातूनही येतात. आडकाठी कोण करणार?"

"आजी, हे तुमच्या घरच्यांना माहीत आहे?"

"न माहीत असायला काय झालं? आमच्याकडेच येतात असं थोडंच आहे, गावात सगळ्यांकडे जातात. का, तुझ्याकडे येत नाहीत?"

बेगिमायने खुर्ची जराशी मागे सरकवली. "मला त्यांच्याशी बोलता येईल का?"

"त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली, पोरी."

बेगिमायने कागदावर काहीतरी लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं, आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की आजींनी आधी जिल्ह्याला जाऊन मनाच्या डॉक्टरांना भेटावं. त्यांचा कागद आणावा. मग डोळ्यांचं बघू.

"जिल्ह्याहून परत येईपर्यंत तुम्ही राहणार आहात का?" आयजारिकच्याने आता राहवेना. "अहो, त्यांना उजेड म्हणायचंय! त्यांच्या थोरल्या दिरांचं नाव जारिकबाय होतं, म्हणून त्या..."

"नातेवाइकांचं सांगणं चालत नाही," बेगिमाय म्हणाली. "सकाळी एका मुलाने बापाला पढवून आणलं होतं. दोन्ही डोळे मेलेले, आणि म्हणे सगळं लखलखीत दिसतंय. आजींना स्वतःच्या तोंडाने म्हणू दे, जारिक दिसतो. एवढंच. एका शब्दाचा प्रश्न आहे."

"एने," सून वाकून म्हणाली, "म्हणून टाका ना. एकदाच."

"एकदा म्हटलं होतं." बुरमाकानचा आवाज एकदम खाली आला. "ते दुसरं. वरच्यांचं. म्हातारा गेला तेव्हा. मग काय झालं ते बघितलंस ना? मुलगा गेला, थोरले गेले. आता हेही म्हणू, आणि उरलंसुरलं घालवू?"

 दोन वर्षं एका चुलीपाशी बसून सासूचा हा हिशेब आयजारिकला ठाऊक नव्हता.

"कमाल आहे," बेगिमाय म्हणाली. "माझ्या सासूचं नाव गुल आहे. मी फुलाला फूलच म्हणते. काही होत नाही."

"म्हणूनच तुझी सासू तुझ्यापाशी राहत नसेल," बुरमाकान म्हणाली.

ते नेमकं खरं निघालं. बेगिमाय कानापर्यंत लाल झाली, शिक्का उचलला, आणि कागदावर असा आपटला की टेबलावरची बाटली हलली. "पुढचे!"

दुसरी कुणी असती तर रडली असती. बुरमाकानने कोटाची बटणं लावली. सून टेबलापाशी हातापाया पडत राहिली आणि ही एकटीच निघाली. भिंत चाचपत बोळ संपवला, जोत्याच्या चार पायऱ्या पायाने मोजल्या, आणि अंगणात आली. घोडी फुरफुरत होती, कुणीतरी कणकेचे बोर्सोक तळत होतं, बायका बडबडत होत्या. फाटक कुठे असेल? माणसांचा आवाज पाठीमागे ठेवायचा आणि सरळ जायचं, असं तिने ठरवलं. तिची ठरवायची पद्धत नेहमी अशीच होती.

थोडं गेल्यावर पायाखालची माती संपली आणि लाकूड लागलं. आणखी चार पावलं. लाकूड हलू लागलं. डावीकडे पाण्याचा आवाज, उजवीकडे पाण्याचा आवाज, आणि मधोमध बुरमाकान. इस्पितळाच्या कडेने कालवा जातो. वसंतात वरचं बर्फ वितळतं तेव्हा तो घोड्याला ओढून नेतो, आणि त्याच्यावर लोकांनी जवळची वाट म्हणून एक फळी टाकली आहे. हीच ती फळी.

ती थांबली. मागे फिरायला मागे कुठे आहे ते कळेना. इथे दोर नव्हता आणि गाठीही नव्हत्या. तेव्हा तिने हात पसरले.

"वरच्या मामंजी," ती पुटपुटली, "मधले पायाखाली हलतायत. त्यांना आवरा. थोरल्यांना पाठवा, लवकर पाठवा. दोन वर्षं मागतेय. एवढा राग बरा नव्हे, मी काही रोज ओरडत नाही."

वरून काही आलं नाही. फळी तेवढी करकरली. मग तिने जिवाच्या आकांताने हाक मारली, "सूनबाई!"

"काय, एने?" अंगणातून सहा आवाज एकदम आले.

आता त्या अंगणात त्या दिवशी जितक्या सासवा होत्या, तितक्या सुनाही होत्या. सासूला डोळे नाहीत म्हणून तर आणल्या होत्या. त्यांतली एक पळत फळीच्या टोकाशी आली. "या, एने, हात इकडे करा!"

"तू माझी नाहीस."

"नसेना का! हात धरा आधी!"

"दुसऱ्याची सून मी धरत नाही!"

"अहो, पडाल!"

"पडले तर माझ्या माझ्या सुनेसमोर पडेन!"

काठावर गर्दी जमली. कुणी म्हणे दोर आणा, कुणी म्हणे कुणीतरी फळीवर जा, आणि सगळे म्हणे तू जा. तेवढ्यात एक घोडं बिचकलं, कुणाचा तरी धक्का फळीच्या टोकाला लागला, आणि फळी एका बाजूला कलली. बुरमाकानचा एक पाय हवेत गेला. त्या पायाबरोबर सासरा, दोन्ही दीर आणि सेहेचाळीस वर्षं, सगळं सुटलं, आणि ती छाती फुटेल अशी ओरडली,

"आयजारिक!"

आता हे नाव सलग म्हटलं तर नाव आहे. तोडून म्हटलं तर 'आय, जारिक!' होतं, म्हणजे 'ए उजेडा!' आणि बुरमाकानला भीतीने दम लागला होता, तेव्हा ते तुटूनच निघालं. अर्ध्या अंगणाने आधी आभाळाकडे बघितलं.

मग पायऱ्यांवर धाडधाड पावलं वाजली, फळी एकदाच जोरात हलली आणि एक कोपर बुरमाकानच्या हातात आलं. ओळखीचं. बर्फातलं, गोठ्यातलं, पायरीवरचं कोपर.

"धरलंय, एने. चला, मागे मागे पाय टाका."

बुरमाकान हलेना. "थांब. तुझं नाव काय म्हणालीस?"

"मी कुठे म्हणाले? तुम्ही म्हणालात."

"परत म्हण."

"आयजारिक. एने, आपण फळीवर आहोत."

"आहोत तर आहोत. तू घरी आलीस ती म्हातारा जायच्या आधी, की नंतर?"

"आधी. उन्हाळ्यात. पाणी बघा किती..."

"म्हणजे मी ओरडले त्याच्या आधी."

"चार महिने आधी. एने, पाय टाका ना!"

बुरमाकानने पाय टाकला नाही. तिने मान वर केली. जे बोलायचं होतं ते सुनेला नव्हतं.

"वा, मामंजी!" ती म्हणाली. "म्हणजे मी मागायच्या आधीच तुम्ही घरात आणून ठेवलं होतंत! आणि मी येडी रोज पहाटे हात पसरतेय, आणि ती शेजारच्या खोलीत बादली भरतेय! आणि ते मधले? तेही तुम्ही हातावरच ठेवले होतेत. गाठी मारून! ठेवलंत ते ठेवलंत, पण मला हाकच मारता येणार नाही असं नाव लावून ठेवलंत? ही काय थट्टा झाली? सांगायचं तरी होतंत!"

"एने, त्यांनी बहुतेक आत्ताच सांगितलंय," आयजारिक म्हणाली. "चला."

काठावर पोचल्या तेव्हा तिथे बेगिमाय उभी होती, धापा टाकत, हातात तोच शिक्का मारलेला कागद. खिडकीतून तिने हाक ऐकली होती. "आजी, आत्ता तुम्ही जारिक म्हणालात. मी ऐकलं."

"सुनेला हाक मारली मी."

"कसंही असो, म्हणालात ना!"

बेगिमायच्या मागे मोठा डॉक्टर होता, नानचा तुकडा चघळत. सकाळपासून त्याला तेवढीच उसंत मिळाली होती. त्याने कागद वाचला, बुरमाकानकडे बघितलं, आणि हातातली फाइल तिच्या डोळ्यांसमोर उन्हात आडवी धरली.

"आजी, थोरले आहेत का?"

"गेले."

त्याने फाइल काढली. "आता?"

"आले. उजवीकडून आले."

फाइल पुन्हा आली. "गेले," बुरमाकान म्हणाली. "आले. गेले. अरे बाळा, त्यांना असं आतबाहेर करू नकोस, वडीलधारे आहेत."

डॉक्टरने नानचा तुकडा गिळला. "माझी आई मिठाला जन्मभर 'पांढरं' म्हणाली," तो बेगिमायला म्हणाला. "आजोबांचं नाव तुझबाय होतं, आणि तुझ म्हणजे मीठ. लहानपणी मला वाटायचं, आमच्या घरात मीठच कधी येत नाही. यांचं नाव आजच्या यादीत घे. सगळ्यात वर."

"आणि शिक्का?"

"शिक्का मार की. मघाशी एवढा जोरात मारलास, एक आणखी मार."

बेगिमाय हसली. मग बुरमाकानच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आजी, माझी सासू खरंच माझ्यापाशी राहत नाही."

"फुलाला फूल म्हण," बुरमाकान म्हणाली, "पण तिला फोन कर." आणि खिशातला कुरुताचा एक गोळा काढून तिच्या हातावर ठेवला.

दुपारी ऑपरेशन झालं, एकाच डोळ्याचं. दुसरा पुढच्या खेपेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांच्या गाड्या निघायच्या आधी, पट्टी सोडली. आधी दिसली खिडकी. खिडकीत थोरले होते, पण असे की बघवेना. मग हळूहळू खाटेचा गज, पाण्याचा पेला, आणि मग समोर एक तोंड. गालांवर तीळच तीळ, एक दात जरा पुढे, डोळ्यांखाली काळं. बुरमाकान कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने सुनेचे हात ओढून घेतले आणि उलटे करून बघितले. तळव्यांवर दोर ओढल्याचे वळ, दोन हिवाळ्यांचे, एकावर एक.

"एवढीशी आहेस तू?" ती म्हणाली. "कोपरावरून मला वाटायचं चांगली बैलाएवढी असशील."

"एने, डोळ्यात पाणी आणू नका, डॉक्टर ओरडतील."

"पाणी नाही ते. औषध आहे." तिने कोटाच्या बाहीने ते औषध पुसलं. मग खिडकीकडे बघून, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "वरच्या मामंजी, पोचलं." आणि जरा थांबून, "थोरल्यांनाही सांगा, रागावू नका म्हणावं. पोरगी चांगली आहे, तुमच्या नावाला खाली बघायला लावणार नाही."

परतीच्या व्हॅनमध्ये तिने खिडकीची जागा पटकावली आणि सोडली नाही. फोन वाजला. मेदेरचा होता, अर्धा मेदेर आणि अर्धी खरखर.

"आई, दिसतंय का?"

"दिसतंय. तुझी बायको वाळून गेलीय. तिकडे भिंती पुष्कळ बांधल्यास, आता घरी ये."

 खरखरीतून तो म्हणाला, "जूनमध्ये येतो." बुरमाकानने फोन सुनेच्या हातात दिला आणि तिला चोरून बोलता यावं म्हणून तोंड खिडकीकडे फिरवलं. कान तसेच राहिले.

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना बर्फ, आणि मधून ओली, काळी, वळणावळणाची वाट वर चाललेली. बुरमाकान तिच्याकडे एका डोळ्याने अशी बघत होती, जशी कुणी फार दिवसांनी माहेरच्या माणसाकडे बघावं.

"आयजारिक," ती म्हणाली.

अख्खी व्हॅन वळून बघायला लागली. निम्मी काराबुलुनचीच होती.

"काय, एने?"

"मधले या वर्षी बरे आहेत. खड्डे कमी आहेत."

आयजारिकने ओठ दाबले. "एने, एक घेतलंत, आता त्यांचंही एकदा घेऊन टाका ना. जोल म्हणा. आम्ही कुणी ऐकलं नाही असं धरू."

बुरमाकानने कोटाचं वरचं बटण लावलं आणि मान ताठ केली.

"वर्षाला एक दीर पुरे," ती म्हणाली.